कॉरोनरचा दूरध्वनी



मागील वर्षी कार्तिक महिन्यात एका रात्री दोनच्या सुमारास घरचा दूरध्वनी वाजला. अपरात्रीचा दूरध्वनी कोणती वार्ता आणतो, हे माझ्या वयाच्या माणसाला सांगावे लागत नाही. पलीकडे माझा पुतण्या होता. गेली बारा वर्षे तो इंग्लंडमध्ये नोकरीस आहे. ‘काका, बाबा गेले,’ एवढेच तो म्हणाला आणि बराच वेळ काही बोलला नाही. मग हळू आवाजात म्हणाला, ‘पण मृत्यूचा दाखला मिळत नाही. डॉक्टर म्हणतात, कॉरोनरला कळवावे लागेल. काका, आमच्या हातून काही चुकले का?’

माझे थोरले चुलतबंधू, ज्यांना मी आयुष्यभर दादा म्हणत आलो, दशलक्षण पर्व आटोपून वहिनींसह मुलाकडे गेले होते. जयसिंगपुरातील भुसार मालाचे दुकान धाकट्यावर सोपवून नातवाचे कौतुक पाहायला गेलेला माणूस. परसातल्या ओल्या पायऱ्यांवरून त्यांचा पाय घसरला, खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली. चार पावले चालूही लागले होते. पडल्यापासून अकराव्या दिवशी संध्याकाळी अचानक धाप लागली आणि अर्ध्या तासात सारे संपले.

सकाळ होईपर्यंत ही वार्ता जयसिंगपूरला पोहोचली होती, आणि तिच्याबरोबर दुसरीही : ‘तिकडे पोलीस केस झाली आहे.’ त्या एका वाक्याने जे दुःख दिले, ते पुसायला पुढे आठ महिने लागले. आज आपल्यातील कितीतरी घरांतील मुले-मुली इंग्लंडमध्ये स्थायिक आहेत आणि त्यांचे आईवडील वर्षातून काही महिने तिकडे राहतात. म्हणून या वेळचा लेख वारसा, मृत्युपत्र, बक्षीसपत्र हे नेहमीचे विषय बाजूला ठेवून लिहीत आहे.

कॉरोनर म्हणजे पोलीस अधिकारी नव्हे. तो न्यायिक अधिकारी असतो. पोलीस, सरकार आणि रुग्णालय या तिघांपासूनही स्वतंत्र. इंग्लंडमध्ये हे पद इ. स. ११९४ पासून आहे. राजाच्या महसुलाचे हक्क जपण्यासाठी ते निर्माण झाले आणि पुढील शतकांत त्याचे काम संशयास्पद वा अकस्मात मृत्यूंच्या चौकशीपुरते उरले. आज इंग्लंड व वेल्समध्ये २००९ च्या कॉरोनर्स अँड जस्टिस ॲक्टनुसार हे काम चालते. स्कॉटलंडमध्ये कॉरोनर नाही. तेथे प्रोक्युरेटर फिस्कल हा अधिकारी अशा मृत्यूंची चौकशी करतो आणि त्याची रीत निराळी आहे. म्हणून नातेवाईक ग्लासगोला असतील तर पुढील मजकूर त्यांना जसाच्या तसा लागू पडणार नाही.

जुन्या वाचकांना आठवत असेल, आपल्या मुंबईतही कॉरोनर होता. १८७१ च्या कायद्याने मुंबई शहरापुरते हे पद चालत आले आणि १९९९ साली ते बंद झाले. बाकी महाराष्ट्रात हे काम आधीपासूनच पोलिसांकडे होते. ‘अकस्मात मृत्यू’ अशी नोंद, पंचनामा, शवविच्छेदन आणि दंडाधिकाऱ्यांकडे अहवाल, ही पद्धत आपण सारे जाणतो. पूर्वी ती फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ खाली चालत असे; १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली चालते. आपल्या मनात ‘चौकशी’ आणि ‘पोलीस’ हे शब्द जोडीनेच येतात, त्याचे मूळ येथे आहे. जयसिंगपूरच्या त्या वाक्याचेही मूळ तेच.

मग दादांच्या मृत्यूत कॉरोनर कशासाठी? ते तर रुग्णालयात, डॉक्टरांच्या देखत गेले. पुतण्याने हाच प्रश्न केला. त्याचे उत्तर कायद्यात सरळ आहे. मृत्यू हिंसक वा अनैसर्गिक असेल, कारण अज्ञात असेल, किंवा व्यक्ती शासनाच्या कोठडीत वा ताब्यात असताना मृत्यू आला असेल, असा संशय घेण्यास जागा असली की कॉरोनरला चौकशी करावीच लागते. आणि ‘अनैसर्गिक’ या शब्दाचा अर्थ तेथे आपल्या कानाला जाणवतो तेवढा भयंकर नाही. पडणे, भाजणे, रस्त्यावरील अपघात, कारखान्यातील धुळीमुळे पुष्कळ वर्षांनी जडलेला रोग, औषधाचा वा शस्त्रक्रियेचा दुष्परिणाम, हे सारे त्यात येते. पडल्यामुळे शस्त्रक्रिया आणि शस्त्रक्रियेनंतर मृत्यू, अशी साखळी दिसली की डॉक्टरने कळवायचे, हे २०१९ च्या नियमांनी त्याच्यावर बंधनकारक केले आहे. त्या डॉक्टरला दाखला द्यायचा नव्हता असे नाही. देण्याचा अधिकारच त्याला उरला नव्हता. शिवाय ९ सप्टेंबर २०२४ पासून, जे मृत्यू कॉरोनरकडे जात नाहीत तेही मेडिकल एक्झामिनर नावाचा स्वतंत्र डॉक्टर तपासून पाहतो. म्हणजे तेथे प्रत्येक मृत्यूकडे दुसरे कोणीतरी एकदा पाहतेच.

मी पुतण्याला इतकेच सांगितले, ‘तुमच्यावर आळ आलेला नाही. दादा कशाने गेले, हे विचारणारा माणूस नेमला गेला आहे.’

कॉरोनर स्वतः सहसा घरी बोलत नाही. त्याचा अधिकारी बोलतो. तो पोलीस खात्याचा वा नगरपालिकेचा कर्मचारी असतो. दादा शुक्रवारी संध्याकाळी गेले आणि हा पहिला दूरध्वनी सोमवारी सकाळी आला. मधले दोन दिवस घरात सहाजण नुसते बसून होते. बहुतेक कार्यालये शनिवार-रविवारी बंद असतात. काही ठिकाणी सुट्टीच्या दिवसासाठी निराळा क्रमांक असतो आणि तो रुग्णालयाच्या शोकसाहाय्य विभागाकडे विचारला तर मिळतो. आमच्या मुलांना हे कोणी सांगितले नाही, त्यांनीही विचारले नाही.

त्या पहिल्या संभाषणात जे सांगायचे ते सांगून टाकावे, असे माझे अनुभवाने झालेले मत आहे. आपली माणसे भिडस्त. ‘साहेब जे करतील ते योग्यच’ म्हणून गप्प राहतात आणि चार दिवसांनी देहाची चिरफाड झाल्याचे कळले की आक्रोश करतात. अंत्यविधी लवकर व्हावा अशी इच्छा असेल तर कारणासह सांगावी. मृत देहात अंतर्मुहूर्तानंतर संमूर्च्छिम जीवांची उत्पत्ती होते, म्हणून विलंब टाळावा, ही आपली श्रद्धा इंग्रजी अधिकाऱ्याला ठाऊक असण्याचे कारण नाही; पण दोन साध्या वाक्यांत सांगितली तर तो लिहून घेतो. नेत्रदानाचा संकल्प असेल तर तर ती गोष्ट तासांची आहे. तेथे मृत्यूनंतर २४ तासांपर्यंत नेत्रपटल घेता येते, मात्र प्रकरण कॉरोनरकडे गेले असल्यास त्याची हरकत नाही ना, हे आधी पाहावे लागते. दादांचा तसा संकल्प होता. सोमवार उजाडेपर्यंत त्याची वेळ टळून गेली होती. वहिनींच्या मनात तो सल अजून आहे.

आणखी एक. घरातील एकाच व्यक्तीने कॉरोनरच्या कार्यालयाशी बोलावे. पुतण्या, त्याची बहीण आणि लंडनचा मेहुणा अशा तिघांनी तीन वेळा दूरध्वनी केला, तिघांनी तीन निरनिराळ्या इच्छा सांगितल्या, आणि अधिकाऱ्याने नम्रपणे विचारले, ‘यांतली कुटुंबाची इच्छा कोणती?’

आता शवविच्छेदनाचा कठीण विषय. कॉरोनरला शवविच्छेदनासाठी कुटुंबाची संमती लागत नाही. हे ऐकून पुष्कळांना धक्का बसतो. पण संमती लागत नाही याचा अर्थ म्हणणे ऐकले जात नाही असा नव्हे. ते केव्हा व कोठे होणार, हे जवळच्या नातेवाइकांना कळवले जाते आणि त्यांच्या वतीने एखादा डॉक्टर तेथे उपस्थित राहू शकतो. सीटी स्कॅन करून, देहाला शस्त्र न लावता कारण शोधण्याची सोय आता अनेक भागांत आहे. लेस्टर विद्यापीठात यावर मोठे संशोधन झाले. बऱ्याच ठिकाणी या स्कॅनचे काही शेकडो पौंड कुटुंबाला भरावे लागतात. लँकेशायरसारख्या भागात ही सोय विनामूल्य केली गेली. तुमच्या भागात काय आहे, ते विचारल्याशिवाय कळणार नाही.

श्रद्धेचा मान किती राखायचा, हा प्रश्न तेथील न्यायालयातही गेलेला आहे. उत्तर लंडनच्या एका भागातील कॉरोनरने, धर्माच्या कारणावरून कोणत्याही मृत्यूला रांगेत पुढे घेतले जाणार नाही, असे सरसकट धोरण ठरवले होते. ज्यू समाजाच्या एका अंत्यविधी संस्थेने त्याविरुद्ध दाद मागितली आणि एप्रिल २०१८ मध्ये उच्च न्यायालयाने ते धोरण बेकायदा ठरवले. पुढच्याच महिन्यात मुख्य कॉरोनरने तातडीच्या विनंत्यांविषयी सर्व कॉरोनरांना मार्गदर्शन दिले. या निकालाचा अर्थ आपल्याकडे कधीकधी चुकीचा सांगितला जातो. धर्माचे नाव घेतले की क्रमांक पुढे लागतो, असे न्यायालयाने म्हटलेले नाही. प्रत्येक विनंतीचा तिच्या गुणावर विचार करा, डोळे मिटून नाही म्हणू नका, असे म्हटले आहे. ज्यू व मुस्लिम बांधवांच्या संस्था या कामी तेथे जितक्या जागरूक आहेत तितके आपण नाही, हेही येथे नमूद करतो.

दादांचे सीटी स्कॅन मंगळवारी झाले. खुब्यातील धातूचा सांधा जागेवर होता, मेंदूत रक्तस्राव नव्हता, पण मृत्यूचे कारण सापडले नाही. संशय होता तो फुप्फुसात अडकलेल्या रक्ताच्या गुठळीचा, आणि नेमकी तीच गोष्ट मृत देहाच्या साध्या सीटी स्कॅनमध्ये खात्रीने ओळखता येणे अवघड असते. अधिकाऱ्याने पुतण्याला सांगितले की कॉरोनर शवविच्छेदनाचा आदेश देणार आहेत. कुटुंबाला काही म्हणायचे असल्यास दुपारपर्यंत कळवावे.

त्या सकाळी घरात जे झाले ते मी दूरध्वनीवरून ऐकले. मुलीचे म्हणणे, बाबांना आणखी त्रास नको. मेहुण्याचे म्हणणे, वकील लावून थांबवू. पुतण्या काहीच बोलेना. मी स्वतः वकिलीत चाळीस वर्षे घालवली, पण मलाही त्या वेळी काय सांगावे ते सुचले नाही. शेवटी वहिनी बोलल्या. शाळेत सातवीपर्यंत शिकलेली बाई. म्हणाल्या, ‘ते तर शुक्रवारीच गेले. हे उरले ते पुद्गल. पण चालता-बोलता माणूस अर्ध्या तासात कसा गेला, हे मला कळले पाहिजे.’

पुतण्याने मग कॉरोनरला लिहिले, की तपासणी करावी, पण आवश्यक तेवढीच. विनंती मान्य झाली. शवविच्छेदन छाती व पायाच्या शिरा एवढ्यापुरते मर्यादित ठेवले गेले. अशी मर्यादा मागता येते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. ती दरवेळी मिळेलच असे मात्र नाही. मृत्यूमागे गुन्ह्याचा संशय असेल तर तेथे कुटुंबाच्या इच्छेला फारसा वाव उरत नाही, आणि आरोपीच्या वतीने दुसऱ्या शवविच्छेदनाची मागणी झाली तर देह मिळण्यास आणखी विलंब लागतो.

तपासणीसाठी उतीचे लहान नमुने ठेवून घेतले गेले तर त्यांचे पुढे काय करायचे, हे कुटुंबाला विचारले जाते : परत घ्यायचे, रुग्णालयाने योग्य रीतीने विल्हेवाट लावायची, की संशोधनासाठी द्यायचे. आमच्या मुलांनी घाईत त्या कागदावर न वाचता खूण केली. वाचून करावी.

शवविच्छेदनात मृत्यू नैसर्गिक असल्याचे आढळले आणि आणखी काही विचारण्याजोगे नसले, तर चौकशी तेथेच थांबते आणि मृत्यूची नोंद नेहमीप्रमाणे होते. कॉरोनरकडे गेलेल्या पुष्कळ प्रकरणांचा शेवट असाच होतो. दादांच्या बाबतीत फुप्फुसात गुठळी सापडली. ती आली होती पायातील शिरेतून, आणि पायात ती झाली होती मोडलेल्या खुब्यामुळे. म्हणून इन्क्वेस्ट, म्हणजे मृत्यूची न्यायालयीन चौकशी, उघडण्यात आली. उघडणे ही काही मिनिटांची औपचारिक गोष्ट असते. ती होताच कॉरोनरने देह ताब्यात देण्याची परवानगी आणि दहनासाठीचा दाखला दिला. मृत्यूनंतर बाराव्या दिवशी दहनसंस्कार झाला. २८ दिवसांत देह देता येत नसेल तर विलंबाचे कारण कुटुंबाला कळवण्याचे बंधन कॉरोनरवर आहे. इन्क्वेस्ट पूर्ण होईपर्यंत अंत्यविधी थांबतो, हा समज चुकीचा आहे. देह भारतात न्यायचा असल्यास, कॉरोनरची चौकशी असो वा नसो, तो देशाबाहेर नेण्यासाठी कॉरोनरची परवानगी घ्यावी लागते.

उलट दिशेची एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. इंग्लंडमध्ये राहणारा कोणी भारतभेटीत अपघाताने गेला आणि त्याचा देह तिकडे नेला, तर जेथे देह पोहोचतो तेथील कॉरोनर चौकशी करू शकतो, मृत्यू परदेशात झालेला असला तरीही. येथेच दहन होऊन केवळ अस्थी गेल्या तर तसे होत नाही. येथील मृत्यूबद्दल मुलांच्या मनात शंका असतील तर दहनाची घाई करण्यापूर्वी त्यांना हे सांगितलेले बरे.

इन्क्वेस्ट उघडल्यावर कॉरोनर एक अंतरिम दाखला देतो. मृत्यू झाला आहे, चौकशी चालू आहे, एवढेच त्यात असते. इंग्लंडमधील बँक, निवृत्तिवेतन, मिळकतीचे व्यवस्थापन यांसाठी तो सामान्यतः चालतो. दादांच्या शेतजमिनीच्या वारसनोंदीसाठी धाकट्याने तो तलाठ्याकडे नेला, तेव्हा तलाठ्याने तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, ‘यात मरणाचे कारण कुठे आहे?’ मी त्या तलाठ्याला दोष देत नाही. कायमचा दाखला इन्क्वेस्ट संपल्यावरच निघतो. तो ॲपॉस्टिल करून आणला की येथे चालतो. तोवर येथील कामे थांबतात, हे गृहीत धरावे.

नियमाप्रमाणे इन्क्वेस्ट सहा महिन्यांत, अथवा त्यानंतर शक्य तितक्या लवकर पूर्ण व्हावयाची असते. आमची सातव्या महिन्यात झाली. या सात महिन्यांत काय करायचे असते, ते कोणी सांगत नाही, आणि खरे काम तर याच काळात असते.

पती, पत्नी, मुले, आईवडील, भावंडे यांना कायद्याने हितसंबंधी व्यक्ती मानले आहे. त्यांना कागदपत्रे मिळण्याचा आणि साक्षीदारांना प्रश्न विचारण्याचा हक्क आहे. आपल्याकडील अकस्मात मृत्यूच्या चौकशीत असा हक्क कोणत्या घराला प्रत्यक्ष वापरता येतो? मला तर हा त्या पद्धतीचा सर्वांत मोठा गुण वाटतो, आणि आपली माणसे तोच वापरत नाहीत. वकील लावता येतो, पण बंधन नाही. सरकारी खर्चाने वकील मात्र क्वचितच मिळतो. आमच्या कुटुंबाने लावला नाही. पुतण्याला मी सांगितले, आरोप लिहू नकोस, प्रश्न लिही. आणि प्रत्येक प्रश्नाला दिवस व वेळ जोड. त्याने रुग्णालयाची कागदपत्रे मागवली. शस्त्रक्रियेनंतर गुठळी होऊ नये म्हणून रोज द्यावयाच्या इंजेक्शनचा तक्ता त्यांत होता. एका शनिवार-रविवारचे दोन रकाने रिकामे होते.

त्या दोन रिकाम्या रकान्यांनी घरात एक वादळ उठले, आणि ते मी लपवणार नाही. मेहुण्याला नुकसानभरपाई दिसू लागली. पुतण्याला सूड. मी त्यांना कायदा वाचून दाखवला. इन्क्वेस्टमध्ये चारच प्रश्नांची उत्तरे शोधली जातात : मृत व्यक्ती कोण, मृत्यू केव्हा आला, कोठे आला, कसा आला. कोणत्याही नावाच्या व्यक्तीवर फौजदारी जबाबदारी वा कोणावरही दिवाणी जबाबदारी ठरवण्यास कॉरोनरला स्पष्ट मनाई आहे. ज्यांना ते हवे त्यांनी वेगळ्या न्यायालयात जावे. इन्क्वेस्टला कोणी आरोपी नसतो आणि कोणी फिर्यादी नसतो. खरे सांगायचे तर आपल्या लोकांच्या पचनी हे पडत नाही. न्यायालय म्हटले की एकजण जिंकला आणि एकजण हरला पाहिजे, अशी आपली समजूत.

जूनमधील तो दिवस. वहिनी एव्हाना परत आल्या होत्या. कॉरोनरच्या परवानगीने त्या व मी जयसिंगपुरातून संगणकाच्या पडद्यावर कामकाज पाहत होतो. तिकडे सकाळचे दहा, इकडे दुपारचे अडीच. साधी खोली, टेबलामागे एक मध्यमवयीन बाई, डोक्यावर टोप नाही. त्याच कॉरोनर. ज्यूरी नव्हती, ती कोठडीतील मृत्यूसारख्या काही ठराविक प्रकरणांतच बसते. मागच्या बाकावर एक वार्ताहर होता, कारण कामकाज सर्वांना खुले असते; ही गोष्ट घरच्यांना आधीच ठाऊक असलेली बरी. अनेक कॉरोनर न्यायालयांत शोकग्रस्त कुटुंबांना सोबत करणारे स्वयंसेवक असतात. त्यांतल्या एका वृद्ध बाईंनी सूनबाईला पाण्याचा पेला आणून दिला होता आणि कोठे बसायचे ते दाखवले होते.

पुतण्याने ग्रंथावर हात ठेवण्याऐवजी सत्यप्रतिज्ञा घेतली. तशी मुभा प्रत्येकाला असते. मग सूनबाईला बोलावले. ती का थरथरत होती ते त्या खोलीत कोणाला ठाऊक नव्हते, पण आम्हाला होते. त्या सकाळी परसातल्या पायऱ्या तिनेच धुतल्या होत्या. सात महिन्यांत तिला कोणी बोलून दाखवले नव्हते. न बोलून मात्र सर्वांनी दाखवले होते. कॉरोनरने विचारले, ‘पायऱ्या ओल्या होत्या का?’ ती म्हणाली, ‘होत्या. मीच धुतल्या होत्या.’ पुढचा प्रश्न, ‘तुमच्या सासऱ्यांना ते माहीत होते का?’ ‘हो. मी त्यांना थांबा म्हटले होते. ते म्हणाले, मी आलोच.’ कॉरोनरने लिहून घेतले, मान वर केली आणि तिचे आभार मानले. इतकेच.

नंतर शल्यचिकित्सक, नंतर परिचारिकांची प्रमुख. पुतण्याने कागदावरून पाच प्रश्न वाचले. दोन कॉरोनरने विषयाबाहेरचे म्हणून थांबवले, तीन विचारू दिले. ती दोन इंजेक्शने का दिली गेली नाहीत, याचे उत्तर सरळ आले : वॉर्ड बदलताना तक्ता मागे राहिला होता. आता तो संगणकावर असतो, हेही सांगण्यात आले. ती दिली असती तर दादा वाचले असते का, या प्रश्नावर डॉक्टर म्हणाले, धोका कमी झाला असता, नाहीसा झाला नसता.

निष्कर्ष ‘अपघाती मृत्यू’ असा नोंदला गेला. दोन मात्रा चुकल्याची नोंद वस्तुस्थिती म्हणून घेतली गेली. त्यांमुळेच मृत्यू आला असे म्हणण्याइतका पुरावा नाही, असे कॉरोनर म्हणाल्या. पुढे कोणाचा जीव जाऊ नये म्हणून संबंधित संस्थेला लेखी अहवाल पाठवण्याचे कर्तव्य कॉरोनरवर असते आणि त्याला ५६ दिवसांत उत्तर द्यावे लागते. पण बदल आधीच झाला असल्याने या प्रकरणी तशी आवश्यकता त्यांना वाटली नाही. पुतण्याला ते आवडले नाही. मलाही पूर्णपणे पटले, असे म्हणवत नाही. काही प्रकरणांत एका शब्दाच्या निष्कर्षाऐवजी चार ओळींचा वर्णनात्मक निष्कर्ष देतात. तो येथे अधिक शोभला असता. आत्महत्येच्या प्रश्नावर मात्र एक बदल वाचकांनी जाणून घ्यावा : तेथील सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये ठरवले की इन्क्वेस्टमध्ये तो निष्कर्ष काढण्यासाठीही ‘अधिक संभवनीय काय’ एवढीच कसोटी लागते, निःसंशय पुराव्याची नव्हे. ज्या घरावर ती वेळ येईल, त्याने हे आधी समजून घेतलेले बरे.

तीन आठवड्यांनी कायमचा दाखला आला. वहिनींनी तो मला मराठीत वाचून दाखवायला सांगितला. मृत्यूचे कारण तीन ओळींत होते : फुप्फुसातील गुठळी, तिचे कारण पायाच्या शिरेतील गुठळी, तिचे कारण पडल्याने मोडलेला खुबा व त्यावरील शस्त्रक्रिया. त्यांनी पुन्हा एकदा वाचायला लावले. मग विचारले, ‘पायऱ्यांचे काही लिहिले नाही?’ मी म्हटले, ‘नाही, वहिनी.’

त्यांनी दाखला घडी करून वारसनोंदीच्या कागदांत ठेवला आणि नातवाला दूरध्वनी लावून म्हणाल्या, ‘आईला दे.’